वरच्या खोलीत राहिलेले चार मासे

मी घरी नसताना पोरी खोली सोडून गेल्या.

आमचं घर अवसरी खुर्दला, कॉलेजकडे जाणाऱ्या रस्त्याला. इंजिनिअरिंगची पोरं यायला लागल्यापासून इथल्या निम्म्या घरांवर मजले चढले, तसा आमच्याही घरावर चढला. वरच्या दोन खोल्या मी फक्त मुलींनाच देते. त्या वर्षी तिथे शेवटच्या वर्षाच्या तिघी होत्या. माझे नियम साधे. जाताना खोली झाडायची, किल्ली शेजारी माझ्या थोरल्या जाऊबाईंकडे द्यायची आणि मेन स्विच बंद करायचा. मी दोन दिवस लोणीला बहिणीकडे गेले होते, तिच्या मुलीची सुपारी फुटायची होती. तेवढ्यात पोरींची शेवटची तोंडी परीक्षा झाली, एकीचे वडील टेम्पो घेऊन आले आणि तिघींचं सामान एकदमच हललं.

परत आल्यावर किल्ली घेऊन वर गेले. खोली झाडलेली नव्हती. तुटकी बादली, हँगर, अभ्यासाच्या नोट्सचे गठ्ठे, एकच चप्पल. हे दरवर्षीचंच, त्याचं मला काही वाटत नाही. पण खिडकीखालच्या टेबलावर दोन फुटांची काचेची पेटी होती आणि तिच्यात चार गोल्डफिश होते. पाणी उसाच्या रसासारखं झालेलं. चौघेही वर, पाण्याच्या कडेला तोंड लावून, भकाभका श्वास घेत होते.

मेन स्विच बंद होता. माझा नियम पोरींनी तेवढा पाळला होता. त्यामुळे हवेचा पंपही बंद होता. मेअखेरच्या उकाड्यात, खिडक्या लावलेल्या खोलीत, दोन दिवस.

खाऊच्या डबीखाली चिठ्ठी होती. “काकू, मासे तुम्हाला गिफ्ट. दिवसातून दोन वेळा खायला घाला. थँक यू फॉर एव्हरीथिंग.” खाली बदामाचं चित्र.

मी ती चिठ्ठी तिथल्या तिथे फाडली. गिफ्ट म्हणे! चार वर्षं माझ्या घरात राहिलेल्या पोरीला माझ्याशी दोन शब्द बोलायला तोंड नव्हतं? फोन नव्हता? मी लोणीला होते, काही परदेशात नव्हते. मासे जिचे होते ती तिघींतली सगळ्यात बोलकी. जिन्यावरून उतरताना रोज “काकू, भाजी काय?” म्हणून विचारणारी. तिला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. संध्याकाळी तिचा मेसेज आला, “काकू, मासे आवडले का?” मी उत्तर दिलं नाही. त्यानंतरही तिचे मेसेज आले. दिवाळीला आला, संक्रांतीला आला. एकालाही मी उत्तर दिलं नाही.

माझ्या रागाला आणखी एक कारण होतं, ते सांगायला हवं. त्याआधीच्या हिवाळ्यात आमच्या ह्यांना अटॅक आला होता. कांद्याच्या गोण्या उतरवताना घामाघूम झाले आणि म्हणाले, पित्त झालंय. मी पित्त-बित्त ऐकून घेतलं नाही. शेजाऱ्याच्या पिकअपमध्ये घालून मंचरला नेलं, तिथून पुढे पुण्याला. छातीत स्टेंट बसला. तेव्हापासून त्यांचं मीठ, तेल, गोळ्या, चालणं, झोपणं, सगळं माझ्या डोक्यात. एक जीव सांभाळून मी दमले होते, आणि आता कुणीतरी बदामाचं चित्र काढून आणखी चार माझ्या पदरात टाकले होते.

त्या रागात मी पेटी साफ करायला घेतली. मासे पातेल्यात काढले. पाणी सगळं मोरीत ओतलं. खडे बादलीत घालून घासले. फिल्टरचा स्पंज इतका घाण होता की हात लावायची किळस आली. तो भांड्यांच्या पावडरने घासला, पिळला, पुन्हा घासला. काचा चकाचक केल्या. मग नळाचं ताजं पाणी भरलं. वळवाच्या पावसाने विहिरीचं पाणी गढूळ झालेलं, म्हणून पंचायतीने त्या दिवशी टीसीएल, म्हणजे जंतू मारायची पावडर, सढळ हाताने टाकली होती. नळ सोडला की दवाखान्यासारखा वास यायचा. मला बरंच वाटलं. म्हटलं, पाणी शुद्ध आहे.

मासे सोडले. पाणी इतकं नितळ होतं की मासे हवेत तरंगल्यासारखे वाटत होते. मी पंप लावला, पदराला हात पुसले आणि ह्यांना म्हटलं, “आता कसं दिसतंय बघा.”

आधी ते चौघे पेटीभर सैरावैरा पळाले. मला वाटलं, खूश झालेत. दिवेलागणीला त्यातला सगळ्यात मोठा, लांब शेपटीचा, आडवा झाला. सकाळी तो आणि एक छोटा लालसर, दोघेही मेलेले होते. उरलेले दोन कोपऱ्यात, तळाशी, पंख मिटून.

दोन दिवस विनापंप, घाण पाण्यात जगलेले मासे माझ्या स्वच्छ पाण्यात एका दिवसात मेले. हे समजायला शिक्षण लागत नाही.

मी दोघांना पेरूच्या झाडाखाली पुरत होते, तेवढ्यात जाऊबाई कुंपणापाशी आल्या. काय झालं ते विचारलं, आणि त्यांचा चेहरा उजळला. खरंच उजळला.

“बरं झालं गं,” त्या म्हणाल्या. “भावजींवरचं त्या मुक्या जिवांनी घेतलं. मासा मेला की घरातली इडापिडा घेऊन जातो. माझ्या भावाच्या सुनंनं मुद्दाम ठिवलेत. आता दोन नवीन आन.”

माझ्या हातात खुरपं होतं. ते मी जमिनीत आपटलं.

“कुणी काय घेतलं न्हाई, जाऊबाई! मी मारलंय त्यांना. माझ्या ह्या हातांनी. आन ह्यांच्यावरचं जे हाय ते ह्यांच्याच छातीत हाय, तिथं जाळी बसवलीया. ती माशांनी न्हाई बसवली!”

“अगं, मी चांगल्यासाठीच बोलले.”

“चांगल्यासाठी बोलू नका! एक तर जीव गेला, त्यात चांगलं काय हाय?”

गल्लीतल्या दोन बायका दारात आल्या. हे बाहेर आले, मला आत चल म्हणाले. मी आत गेले नाही. जाऊबाई माझ्याशी पुढे पंधरा दिवस बोलल्या नाहीत. तसा माझा त्यांच्यावर राग नव्हताच. राग त्या बोलण्यावर होता. दवाखान्यातून आल्यावर गावातलं येईल ते माणूस हेच बोलत होतं. कुणाचा नवस फळला, कुणाची पुण्याई उभी राहिली, कुणी कुठली पूजा घातली होती. पित्त झालंय म्हणणाऱ्या नवऱ्याला दंडाला धरून गाडीत कोंबलं होतं मी. ते कुणी बोललं नाही. तेव्हा मी चहा करत राहिले आणि गप्प राहिले. आता माशांवरूनही तेच ऐकायचं मला जमलं नाही. नवस फळतो, मासा इडापिडा घेतो, मग माणसाने केलेल्या चुकीचं कुणी काहीच म्हणायचं नाही का?

दुसऱ्या दिवशी उरलेले दोन दुधाच्या किटलीत घातले आणि एसटीने मंचरला गेले. बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत पक्ष्यांचे पिंजरे, दाणे, मासे असं सगळं विकणारं एक दुकान आहे. खाऊच्या डबीवर त्याच दुकानाचा शिक्का होता. दुकानदार पांढऱ्या दाढीचे चाचा. किटली त्यांच्या टेबलावर ठेवली आणि म्हटलं, “हे तुमचे मासे. परत घ्या. पैसे-बिसे काय नकोत.”

त्यांनी किटलीत वाकून बघितलं. “श्वासाची गलफडं लाल झाल्यात. पाणी काय केलं ताई?”

“बदललं.”

“सगळं?”

“सगळं. घाण व्हतं.”

“आन स्पंज?”

“पावडरनं धुतला.”

चाचांनी कपाळाला हात लावला. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, त्यांच्यासमोर. म्हणाले, “सगळंच काढून टाकलं की तुमी. अवो, मासं पाण्यातच शी-शू करतं ना? ते त्याला विष असतं. ते खाणारे बारीक जंतू त्या स्पंजात राहत्यात. ते पावडरनं मेले. वर तुमच्या नळाच्या पावडरीनं माशाचं गलफड जाळलं. पाणी एक दिवस उघड्या बादलीत ठिवायचं, वास उडून जातो. आन आठवड्याला चौथाई बदलायचं. तेवढंच. स्पंज त्याच काढलेल्या पाण्यात नुसता खळबळायचा. स्वच्छ दिसला न्हाई तरी चालतंय.”

मला रडू येईल असं वाटलं, आणि रडू येण्यापेक्षा भांडलेलं बरं म्हणून मी भांडले.

“आन तुमी? दोन फुटाच्या पेटीत चार मासे विकताना हे सांगितलं व्हतं का?”

“सांगितलं व्हतं. दोनच घ्या म्हणलो. पोरी म्हणल्या चार छान दिसत्यात.”

“छान दिसत्यात म्हणून दिले?”

मी दुकानातल्या फळीकडे बोट दाखवलं. तिथे काचेची गोल भांडी ओळीने मांडली होती, माझ्या पातेल्यांपेक्षाही लहान. प्रत्येकात एक मासा गोल गोल फिरत होता.

“आन ही? ह्यात किती दिवस जगतंय?”

“आठ-पंधरा दिवस,” चाचा खालच्या आवाजात म्हणाले. “लई झालं तर महिना.”

“मंग विकता कशाला?”

“मी न्हाई विकलं तर पलीकडच्या दुकानातून घेत्यात, ताई.”

“घेऊ द्या पलीकडून! तुमच्या हातून तरी न्हाई मरणार.”

एक गिऱ्हाईक हसलं. त्याच्याकडे मी असं बघितलं की तो दाणे न घेताच गेला. चाचांनी मात्र वाईट वाटून घेतलं नाही. म्हणाले, “हे दोन मी परत घेतले तर इथं आठवड्यात मरत्यात. माझ्याकडं गर्दी लई, रोग लागतो. तुमच्याकडंच ठिवा. ज्याला मासं मेल्याचा एवढा राग येतो, त्याच्याकडं जगत्यात.”

मला ते गोड बोलणं वाटलं, गिऱ्हाईक टिकवायचं. पण किटली उचलून घरी आणली. येताना त्यांनी वीज गेल्यावर चालणारा सेलचा छोटा पंप दिला, पाणी तपासायच्या पट्ट्यांची डबी दिली, आणि एक कागद दिला, त्यावर पट्टीचे रंग छापलेले होते. गोल भांडी त्यांनी फळीवरून काढली नाहीत. मी जेव्हा जेव्हा गेले तेव्हा ती तिथेच होती, आणि मी प्रत्येक वेळी बोलले.

पुढचा महिना वाईट गेला. स्पंजात नवे जंतू धरायला महिना लागतो, तोवर पाणी रोज थोडं थोडं बदलावं लागतं. मागच्या पडवीत मी तीन बादल्या भरून ठेवायचे, कालची, आजची, उद्याची. त्यातलं पाणी कुणी अंगणात मारलं की माझं डोकं फिरायचं. पट्टी बुडवायची, रंग बघायचा. पिवळी राहिली तर ठीक, हिरवटली की पुन्हा पाणी. पंचायतीच्या पाणी सोडणाऱ्या माणसाला गाठून विचारलं, “टाकीत पावडर किती टाकता?” तो म्हणाला, “डब्यानं.” “डबा केवढा?” “असंल तेवढा.” त्याला मी रस्त्यात उभं करून ऐकवलं. माशांचं सोडा, हे पाणी लहान लेकरं पितात, मोजायला काय होतं? तो मान हलवून गेला. पुढे काही बदललं असेल असं नाही. मी मात्र बादलीचा वास घेतल्याशिवाय पाणी घालायचं कायमचं सोडलं.

दोघे जगले. एक साधा केशरी होता, आणि दुसऱ्याच्या शेपटीवर काळा ठिपका होता. पावसाळा सरला तशी दोघांची अंगं भरली. मग मी तीन फुटांची पेटी आणली. ह्यांनी सुताराकडून पेटीखाली ठेवायला लाकडी घोडा करून घेतला आणि पेटी बैठकीच्या खोलीत बसली. वर ठेवायला जागा नव्हती, नव्या पोरी आल्या होत्या. त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं, वरच्या खोलीत जिवंत काहीही आणायचं नाही.

ह्यांना डॉक्टरांनी शेतातलं जड काम बंद केलं होतं. दिवसभर घरात बसून ते वैतागायचे. आता पेटीसमोर खुर्ची टाकून बसायला लागले. मला बरं वाटलं. मासे त्यांना ओळखायला लागले, ते खुर्चीत बसले की दोघे काचेपाशी येऊन तोंडं उघडायचे. खाणं मी ठरवून दिलेलं, दोन मिनिटांत संपेल एवढंच, दिवसातून दोनदा. मीच घालायचे.

संक्रांतीच्या आसपास काळ्या ठिपक्याचा मासा उलटा झाला. पोट वर, शेपटी खाली, आणि तसाच पंख मारत धडपडत होता. मेलेला नव्हता, पण सरळ होता येत नव्हतं. मी पट्टी बुडवली. पाणी चांगलं होतं. बादलीतलं पाणी कालचंच होतं. मला काही कळेना. मग पेटीच्या तळाशी, खड्यांमध्ये, पिवळं काहीतरी दिसलं. चिमट्याने काढलं. शेव होती. बारीक शेव, पाण्याने फुगलेली.

आमच्या घरात शेव नव्हती. दवाखान्यातून आल्यापासून तळलेलं काहीही घरात येत नव्हतं.

हे खुर्चीतच बसले होते. मी ओला हात तसाच त्यांच्यापुढे धरला. “हे काय हाय?”

“काय?” त्यांनी चष्मा वर केला.

“शेव कुठून आली?”

“अगं, दोन-चार दाणं टाकलं असतील. मुका जीव तोंड उघडून मागतोय, बघवत न्हाई.”

“मागतंय म्हणून द्यायचं? गोल्डफिश पोट फुटंस्तोवर मागतो! आन तुमी कुठून आणली?”

त्यांनी पाठ उशीला आणखीच टेकवली. मी खुर्चीवरची उशी उचलली. तिच्या मागे शेवेचा पुडा होता, अर्धा संपलेला. सकाळी फिरायला जातो म्हणायचे, ते रस्त्यावरच्या टपरीपर्यंत जायचे आणि पुडा घेऊन यायचे. स्वतः खायचे आणि उरलेली माशांना घालायचे. किती दिवस, कुणास ठाऊक.

मी त्यांच्या अंगावर पुडा फेकला. आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याच्या अंगावर काही फेकलं. शेव खोलीभर सांडली.

“तुमाला मरायचंय का?” मी ओरडले. “मरायचंय तर सरळ सांगा! मी तुमचं बिनमिठाचं येगळं शिजवते. गोळ्या मोजते. रात्री तुमचा श्वास ऐकते. आन तुमी उशीमागं शेव ठिवता? आन त्या माशाला पण तुमच्यासंगं नेता?”

“एवढ्यानं काय व्हतं गं, जरा चवीला...”

“त्याला जरा चवीला दिली, तो उलटा झाला! बघा त्याच्याकडं!”

त्यांनी बघितलं. मी वर गच्चीवर गेले आणि तिथे एकटीनेच रडले, रागाने. दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. जेवायला वाढलं, गोळ्या हातावर ठेवल्या, पण बोलले नाही.

चाचांना फोन केला तेव्हा त्यांनी सांगितलं, तीन दिवस काही खायला घालू नका, मग मटार उकडून, साल काढून, कणाएवढे तुकडे द्या. पोट साफ झालं की सरळ होईल. मटारचा हंगाम होता, घरात टोपलीभर होते. चौथ्या दिवशी मी मटार उकडले, तर हे समोर येऊन बसले आणि एकेका दाण्याचं साल काढायला लागले. जाड बोटांनी, अगदी हळू. निम्मा दाणा त्यांच्या बोटातच चिरडायचा.

“त्याला तीन दिवस उपाशी ठिवलंस,” ते म्हणाले. “मला जलमभर ठिवणार.”

मी हसले नाही. हसू आलं होतं, पण हसले नाही. मासा दोन दिवसांनी सरळ झाला. ह्यांनी टपरीवर जाणं बंद केलं का, ते मला पक्कं ठाऊक नाही. उशीमागे मी अजूनही हात घालून बघते.

त्यानंतरच्या दिवाळीआधी, एका रविवारी दुपारी, मासे ठेवून गेलेली ती मुलगी आली. पुण्याला नोकरीला लागली होती. गावातल्या जुन्या मैत्रिणीकडून कागदपत्रं घ्यायला आली होती, म्हणून डोकावली. मी पेटीचं पाणी काढायच्या तयारीत होते, पाइप हातात होता. ती दारातूनच ओरडली.

“अय्या काकू! अजून जिवंत आहेत?”

आणि फोन काढून फोटो घ्यायला लागली.

माझ्या डोक्यात दीड वर्षाचं सगळं एकदम चढलं. “अजून म्हंजे? तुला काय वाटलं व्हतं? किती दिवसांत मरायला हवे व्हते?”

तिचा हात खाली आला. “तसं नाही काकू...”

“मंग कसं? मेन स्विच बंद करून, खिडक्या लावून, चिठ्ठी ठिवून गेलीस. बदाम काढलास वर. गिफ्ट! तुला कुणी बंद खोलीत सोडून जाऊन गिफ्ट म्हणलं तर?”

ती पेटीकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, “काकू, चार होते ना?”

हे ती विचारेल असं मला कधी वाटलंच नव्हतं. पाइप मी खाली ठेवला.

“मी मारले,” मी म्हणाले. “सगळं पाणी एकदम बदललं. दोन गेले.”

“लांब शेपटीवाला?”

“हां. आन एक छोटा.”

तिचे डोळे भरले. तिने चौघांची नावं ठेवली होती. कुणाचं कुठलं ते तिने मला सांगितलं. लांब शेपटीवाला तिच्या बोटातून खायचा आणि छोटा लालसर कायम त्याच्या मागे मागे असायचा. मला कधी कुणाची नावं ठाऊकच नव्हती. मी त्यांना हा आणि तो म्हणत होते. तिला एवढं सगळं आठवत होतं, एवढा जीव होता, आणि तरी ती सोडून गेली होती. माझा राग कमी व्हायचा तर आणखीच वाढला.

“एवढं व्हतं तर मला विचारलं का न्हाईस?” मी म्हणाले. “एक फोन. ‘काकू, ठिवाल का?’ एवढंच.”

“विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात.”

“म्हणाले असते. मंग?”

“मग मी त्यांना कुठे नेलं असतं? बाबा म्हणत होते, ओढ्यात सोड. टेम्पोत आमच्या गावापर्यंत दहा-अकरा तास, त्या उन्हात, ते जगले नसते. मला वाटलं, न विचारता ठेवले तर तुम्ही टाकून देणार नाही. तुम्ही कुणालाच टाकून देत नाही.” ती नाक पुसत होती. “मेन स्विचचं खरंच लक्षात नाही आलं. पंप त्याच्यावर आहे हे डोक्यातच नाही आलं.”

ह्याचा मला फार राग आला. ती पोरगी बरोबर बोलत होती. मी नाहीच म्हणाले असते. आणि नाही म्हणून झाल्यावर रात्री निवांत झोपलेही असते.

“बाह्या वर कर,” मी म्हणाले. “आलीस तर पाणी बदलू लाग.”

तिने बाह्या वर केल्या. मी पाइपने चौथाई पाणी टबात काढलं, ती बादल्या आणून देत होती. फिल्टर उघडून तिने स्पंज काढला आणि सरळ मोरीच्या नळाखाली धरायला निघाली.

“नळाखाली न्हाई!” मी एवढ्या जोरात ओरडले की हे आतून धावत आले. “टबातल्या पाण्यात खळबळ. नुसता. पिळू नको.”

तिने तसंच केलं. मान खाली घालून, जपून. स्पंज परत पेटीत बसवताना काळ्या ठिपक्याचा मासा तिच्या हाताजवळ आला आणि त्याने तिच्या बोटाला तोंड लावून बघितलं. तो कुणाच्याही बोटाला लावतो. तिला वाटलं, ओळखलं. मी तसं वाटू दिलं.

पाणी झालं, तिने फरशी पुसली, हात धुतले. मासे घेऊन जाते असं ती म्हणाली नाही. म्हणाली असती तर मी तिला दाराबाहेर काढलं असतं. पिशवी उचलून माझ्या पाया पडली, ह्यांच्या पाया पडली आणि गेली. हे तिला फाट्यापर्यंत सोडायला स्कूटरवर गेले. मी दारात गेले नाही. बादल्या पुन्हा भरायच्या होत्या, त्या भरत बसले.

तिसरी बादली भरताना लक्षात आलं, मी त्या पोरीला चहा विचारला नाही. पाणीसुद्धा नाही. माझ्या दारातून लाईटचं बिल द्यायला आलेला माणूसही चहाशिवाय जात नाही. पुण्यावरून आलेली, चार वर्षं माझ्या डोक्यावर राहिलेली पोर, तिच्याकडून मी पाणी भरून घेतलं, फरशी पुसून घेतली आणि तशीच कोरडी लावून दिली. स्वतःचा एवढा राग मला मासे मेले तेव्हाही आला नव्हता.

फोन लावला. दीड वर्षात पहिल्यांदा.

“काकू?” ती घाबरली होती. “काही राहिलं का माझं?”

“चहा राहिला,” मी म्हणाले.

“अहो काकू, बसमध्ये बसले मी. खेड येईल आता.”

आवाज मऊ करायचं माझ्या मनात होतं, पण तो झाला नाही. “सांगता येत न्हाई का चहा पाहिजे म्हणून? तोंड कशाला दिलंय देवानं?” मी तिला दरडावलं. ती हसली की रडली, बसच्या आवाजात कळलं नाही. मग म्हटलं, “पोचलीस की फोन कर,” आणि फोन ठेवला.